सर बोलतात, बाकीचे चहा पितात

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याहून आलेलं पत्र थोडं आखडून देते.

"ताई, नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) आम्ही कथांचा गट सुरू केला. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी चारला जमतो. ठरलेली कथा घरून वाचून यायची आणि इथे चर्चा करायची, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी १९ जण होते. आता सहा-सात येतात, त्यातले निम्मे न वाचता. श्रावणात एका रविवारी तर मी एकटीच होते. एक निवृत्त सर येतात. विद्वान आहेत, मनानं चांगले आहेत, पण 'तर या कथेचं तात्पर्य काय?' असं म्हणून जे सुरू होतात ते साडेपाचपर्यंत. बायका गप्प बसतात, तरुण मुलं मोबाईलमध्ये. सासूबाईंना यायची हौस आहे, पण त्यांना वाचता येत नाही, मग नेऊन काय करू? गट बंद करावा का? की सरांना सांगावं? आणि सांगायचं तर कसं? त्यांनी माझ्या मिस्टरांना शिकवलंय.

ता. क. मध्यंतरी बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घेतली होती. सर म्हणाले, आता असलं काही राहिलेलं नाही. आयटीआयमधला एक मुलगा यायचा, तो त्यानंतर आला नाही. उगीच ती कथा घेतली असं वाटतं."

ताई, आधी श्रावणातल्या त्या रविवारचं बघू, कारण ते सोपं आहे. तो कानबाईचा रविवार असणार. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, रोटाचा स्वयंपाक असतो, अख्खी भाऊबंदकी एका घरात जमलेली असते आणि तुम्ही चार वाजता कथेला बोलावलंत! माहेर कोकणातलं आहे की काय तुमचं? त्या दिवशी तुम्ही एकट्या होतात हे गटाचं अपयश धरू नका. उलट वहीत लिहून ठेवा: कानबाईचा रविवार सुट्टी, पोळ्याच्या आसपासचा रविवार बघून, आणि दसरा-दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला की संध्याकाळशिवाय बैठक नाही. आखाजीनंतर सुरू केलंत म्हणजे ऐन मे महिना. खानदेशात मे महिन्यात दुपारी चारला पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत १९ माणसं आली, याचंच मला कौतुक वाटतं. पारा ४४-४५ वर असताना माणूस कथेला येत असेल तर त्याला कथा हवी आहे. तेव्हा बंद करायचा विचार निदान वर्षभर बाजूला ठेवा.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुमच्या गटाचा पहिला नियम आहे 'वाचून या'. माझ्या मते सगळं तिथेच बिघडतं. रविवारी बाईला वेळ कुठून मिळणार? उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्यांचे पापड, पावसाळ्यात निंदणी, हिवाळ्यात पाहुणे. ती कथा अर्धी वाचते, अर्धी राहते, आणि न वाचता आल्याचा संकोच घेऊन कोपऱ्यात बसते. मग ज्यानं वाचली आहे तोच बोलणार. आणि वाचून कोण येतं? ज्याला वेळ आहे तो, म्हणजे सर. सर बोलतात कारण त्या खोलीत कथा फक्त त्यांच्याकडेच असते. बाकीच्यांकडे असतो चहा.

म्हणून नियम उलटा करा. कुणीही काहीही वाचून यायचं नाही, कथा तिथेच मोठ्यानं वाचायची. छापील आठ-दहा पानांची कथा, सावकाश, श्वास घेत वाचली तरी अर्ध्या तासात होते. पाऊण तास बोलायला ठेवा. सव्वा तासात माणूस घरी. यात सगळे एका रेषेवर येतात: एम.ए. झालेले, दहावी नापास, आणि तुमच्या सासूबाई.

हो, सासूबाईंना आणाच. त्यांना वाचता येत नाही हा अडथळा तुम्ही घातलेल्या नियमामुळे होता, त्यांच्यामुळे नव्हे. आपल्या भागात हे सांगायला लागू नये. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, तरी मुलानं आणि त्याच्या मावसभावानं उतरून घेतलेल्या त्यांच्या ओव्या आज त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकवल्या जातात. आणि साने गुरुजी, जे अमळनेरला शिकवायला होते, म्हणजे तुमच्या शेजारीच, त्यांच्या 'श्यामची आई'मधल्या प्रकरणांना प्रकरण म्हणतच नाहीत. 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असं म्हणतात. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते पुस्तक, पण त्यातली बैठक कशी आहे बघा: संध्याकाळी माणसं गोल बसलेली, एक जण सांगतोय, बाकीचे ऐकताहेत, कुणी येतंय, कुणी जातंय, कुणाचे डोळे भरलेले. कुणालाही 'काल घरी वाचून आलास का?' असं विचारलेलं नाही.

ऐकणाऱ्या माणसाला वाचणाऱ्यापेक्षा वेगळं दिसतं, हे मी स्वतः पाहिलंय. ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यानंतर मी माझा गट बदलला.

धुळ्यात मी काही वर्षं असाच गट चालवला. पहिलं वर्ष अगदी तुमच्यासारखं. त्याहून वाईटच म्हणा, कारण मी प्रश्नांचा कागद काढायचे. 'कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, शेवट.' लोक पेपर लिहिल्यासारखे बोलायचे आणि पुढच्या वेळी यायचे नाहीत. एकदा अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' होती. त्या दिवशी प्रतीच कमी पडल्या, म्हणून नाइलाजानं मी मोठ्यानं वाचली. कथा तुम्हाला ठाऊक असेल. खाणीतलं काम बंद पडल्यावर भीमा मुंबईत पुरलेली मढी उकरून सोनं काढायला लागतो. एका रात्री मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं जबड्यात अडकतात आणि तो ती गमावून बसतो. आणि मग कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडायला आता बोटंच नाहीत.

वाचन संपलं. आम्ही नेहमीप्रमाणे सुरू झालो: विषमता, शोषण, महानगर, वगैरे. वीस मिनिटं छान चाललं होतं. मागे एक बाई बसायच्या, कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होत्या, वर्षभरात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पण तो जेवला कसा असेल?"

सगळे गप्प झाले. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडलांची उजव्या हाताची बोटं कुट्टीच्या यंत्रात गेली होती. भाकर मोडता यायची नाही. घरात कुणी मोडून दिली तर ताट सरकवून उठायचे. शेवटी आईनं एक युक्ती केली: दुधात भाकर कुस्करूनच वाढायला लागली, आणि सगळ्यांनाच तशी वाढायची, म्हणजे ते वेगळं दिसू नये. "आम्ही भावंडं वर्षभर काला खाल्ला," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं आईला कंटाळा येतो."

त्यानंतर आम्ही कथेचा शेवट पुन्हा वाचला. भीमाची बायको, मुलगी, यांच्याकडे त्याआधी आमच्यापैकी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. आता सगळ्यांना त्याच दिसायला लागल्या: या घरात उद्या सकाळी काय होणार? कथेत ते लिहिलेलं नाही, पण कथा तिथेच नेऊन सोडते. आमच्या वीस मिनिटांच्या विषमतेला ते सापडलं नव्हतं. मी प्रश्नांचा तो कागद फाडला वगैरे नाही, पण नंतर कधी काढलाही नाही.

तर बैठकीत विचारायचं काय? 'कशी वाटली?' हे नको. त्याला 'छान' हे उत्तर आधीच तयार असतं, आणि 'छान'नंतर काही उरत नाही. 'तात्पर्य काय?' तर नकोच. तात्पर्य इसापनीतीत शेवटी छापलेलं असतं. चांगल्या कथेत ते छापलेलं नसतं कारण तिथे ते नसतंच. मी एवढंच विचारते: कोणती गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही? कुठे पटलं नाही? आणि कुणी काहीही म्हणालं की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, 'कुठे आहे ते? दाखवा.' मग ती ओळ शोधून पुन्हा मोठ्यानं वाचायची. ज्यांना वाचता येत नाही ते म्हणतात, 'ते नाही का, तो दार लोटतो तिथलं,' आणि दुसरं कुणीतरी ती जागा काढून देतं. यात अर्धी भांडणं मिटतात, आणि अर्धी खरी भांडणं सुरू होतात. तीच हवी असतात. माणूस ओळीवर बोट ठेवून बोलला की पाच मिनिटांच्या वर बोलूच शकत नाही. ओळ संपते ना!

काही ठिकाणी मध्येच थांबून 'आता पुढे काय होईल?' असं विचारायची पद्धत आहे. मला तो प्रकार आवडत नाही. कथा म्हणजे लॉटरीची सोडत नव्हे. एकदा वाचायला घेतली की शेवटपर्यंत जाऊ द्यावी.

आता सर. तुम्ही विचारलंय, सांगावं का. सांगावं, पण 'जरा कमी बोला' असं नाही. आयुष्यभर ४५ मिनिटांच्या तासाला बोललेल्या माणसाला तुम्ही गप्प बसवणार आणि तो दुखावणार नाही, हे व्हायचं नाही. त्यांना काम द्या. वाचायला द्या. शिक्षकाचा आवाज आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय आहे, अनुस्वार कुठे, थांबायचं कुठे, हे कळतं. एकट्या तुम्ही त्यांच्या घरी जा, मिस्टरांना बरोबर नेऊ नका, नाहीतर जुना विद्यार्थी समोर बघून सर पुन्हा वर्गात जातील. सरळ म्हणा, "सर, यापुढे कथा बैठकीतच वाचायची आहे. तुमच्याइतकं चांगलं वाचणारं आमच्यात कुणी नाही. फक्त एक नियम सगळ्यांसाठी केलाय, ज्यानं वाचली त्यानं सगळ्यांच्या शेवटी बोलायचं." हा नियम खरोखरच सगळ्यांसाठी ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही वाचली तर तुम्हीही शेवटी. पहिले दोन रविवार सर चुळबुळ करतील. तिसऱ्या रविवारी ते ऐकायला लागतील असं मी म्हणणार नाही. काही सर कधीच ऐकत नाहीत. पण त्यांच्या आधी पाच जण बोललेले असतील, आणि ते पाच जण पुढच्या वेळी येतील.

त्यांच्याकडे दुसरंही एक काम देता येईल: जुने शब्द. एखाद्या कथेत मोट, सोंदूर, खळं, बलुतं असलं काही आलं आणि पोरांना कळलं नाही की सरांकडे बघायचं. तिथे त्यांची विद्वत्ता हवीच आहे.

बायका गप्प असतात याचं एक कारण सर आहेत. दुसरं कारण तुम्ही आहात, रागावू नका. तुमचं पत्र अगदी शुद्ध आहे, पुस्तकातल्यासारखं. बैठकीतही तुम्ही तशाच बोलत असाल. पारोळ्यात घराघरात अहिराणी, आणि वाचनालयाचा जिना चढला की सगळ्यांची मराठी एकदम इस्त्री केलेली. ज्या बाईला एखादी गोष्ट मनातून पटलेली नाही, तिला ती 'मला हे पात्र विश्वसनीय वाटत नाही' असं म्हणून सांगता येत नाही. ती सांगणार, "माले नही पटनं." आणि ते म्हणायची सोय नसेल तर म्हणणार, "छान होती." पुढच्या बैठकीत पहिलं वाक्य तुम्ही अहिराणीत बोला. चुकलं तरी चालेल. चुकलं तर जास्तच बरं, सगळे हसतील आणि दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करताना बोलायला लागतील. (यावल-रावेरकडचे वाचक मला लिहितील की आमच्याकडे अहिराणी नाही, लेवा बोली आहे. ठाऊक आहे. जिथे जी आहे ती.)

तरुण मुलांच्या मोबाईलचं फार मनावर घेऊ नका. ऐकता ऐकता खाली बघणं ही त्यांची लाजण्याची पद्धत झालीय. तरी एक प्रत त्यांच्या हातात द्या आणि 'ओळ काढून दे' हे काम त्यांना सांगा. हात गुंतला की मोबाईल आपोआप खिशात जातो.

प्रतींवरून आठवलं. पूर्ण कथेची झेरॉक्स काढून १९ जणांना वाटायची सवय असेल तर सोडा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. आणि मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर इतक्या प्रती लागतातच कशाला? तीन पुरतात: एक वाचणाऱ्याकडे, दोन ओळ शोधणाऱ्यांकडे. वाचनालय सरकारमान्य असेल तर अनुदानातला काही भाग पुस्तकांवरच खर्च करावा लागतो. तुमच्या गटातल्या सात सभासदांनी मागणीच्या वहीत एकच संग्रह सात वेळा लिहिला तर ग्रंथपाल तो आणतील. त्यांनाही कुणीतरी काही मागितल्याचं बरं वाटतं.

कोणती कथा घ्यावी, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. विनोदी कथा दिवाळीच्या बैठकीला ठेवा. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथनानं मैदानं भरवली ती खरीच, पण हसून झाल्यावर चर्चेला फारसं उरत नाही, आणि विनोद समजावून सांगण्याइतकं केविलवाणं दुसरं काही नाही. जी. एं.च्या लांब कथा इतक्यात नको. पुढच्या वेळेसाठी भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' घ्या. बाजारात टोमॅटोचा भाव पडतो आणि बाप स्वतःच पिकवलेले टोमॅटो तुडवतो, पोरगा बघत असतो. तुमच्या गटात शेतकरी असेल, एखादा व्यापारीही असेल. रावेर-यावलकडे केळीचा भाव पडला की घड बांधावर टाकलेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. म्हणून सावध राहा: पाच मिनिटांत चर्चा कथेतून उठून बाजारभावावर जाईल, सरकारवर जाईल, आणि मग तिथेच बसेल. जाऊ द्या थोडी. मग विचारा, त्या वेळी पोरगा कुठे उभा होता? दाखवा. आणि परत या. बाप बरोबर की चूक, हे सोडून पोरानं काय पाहिलं याच्यावर बोलणं आलं की समजा गट जमला.

आता ता. क.

ताई, तुम्ही दोन पानं सरांवर, हजेरीवर, चहावर लिहिलीत आणि त्या मुलाला तळाशी, सहीच्या खाली ठेवलंत. मला वाटतं, पत्र त्याच्याबद्दलच होतं. तुम्हालाही ते वाटलं असणार, नाहीतर पाकीट बंद करताना ते आठवलं नसतं.

ती कथा घेतलीत यात काही चुकलेलं नाही. ती घेऊन तुम्ही मध्येच सोडलीत. गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर आलेला एक शिकलेला तरुण जात सांगत नाही, लोक त्याला मान देतात, आणि जात कळल्यावर तीच माणसं त्याला मारतात. ही कथा वाचून कुणी 'आता असलं काही राहिलेलं नाही' म्हटलं, तर त्यावर खोलीत काहीतरी बोललं जायला हवं होतं. भाषण नको होतं. 'सर, मला तसं वाटत नाही' एवढं पुरे होतं. किंवा आपल्या गावात भाड्यानं खोली देताना अजूनही 'पूर्ण नाव काय?' असं का विचारतात, एवढा एक प्रश्न. तुम्ही गप्प बसलात, कारण त्यांनी मिस्टरांना शिकवलंय. बाकीचे गप्प बसले, कारण तुम्ही गप्प बसलात. आणि त्या मुलानं बघितलं की सर एकटे नाहीत, अख्खी खोली तेच म्हणतेय. सर नुसते बोलले, ताई. तो गेला तुमच्या गप्प बसण्यामुळे. हे कठोर वाटेल, पण तुम्ही मला विचारलंय आणि मी याच्यावर साखर घालणार नाही. मीही अशीच एकदा गप्प बसले होते, दुसऱ्या एका कथेच्या वेळी. ती बाई परत आली नाही, आणि मी विचारायला गेले नाही. अजून बसस्टँडवर दिसली की मी दुसरीकडे बघते.

म्हणून तुम्ही जा. आयटीआय सुटायच्या वेळी फाटकाशी नको, चारचौघांत त्याला अवघड होईल. फोन करा किंवा घरी जा. 'सरांचं मनावर घेऊ नकोस' असं चुकूनही म्हणू नका. त्यात दुखावल्याची चूकही त्याचीच होते. म्हणा, 'त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोलले नाही.' मग थांबा. तो 'तसं काही नाही, परीक्षा होती' म्हणेल. म्हणू द्या. येशील का, असं एकदा विचारा, दोनदा नाही.

आणि आला तर एक पथ्य पाळा. जातीवरची कथा निघाली की सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं, 'तू सांग ना तुझा अनुभव' म्हणायचं, हे होऊ देऊ नका. तो कथा ऐकायला आलाय, साक्ष द्यायला नाही. जिनिंगमधल्या त्या बाईंना मी वडलांबद्दल विचारलं नव्हतं. त्यांना सांगावंसं वाटलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्याला काम द्यायचं तर कथा निवडायचं द्या, आणि त्याला वाटलं तर त्यानं प्रेमकथा निवडावी, भुताची निवडावी.

बागुलांची ती कथा पुन्हा घ्या. लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी, गट जरा सैलावला की. त्या वेळी नुसत्या शीर्षकापासून सुरू करा. 'चोरली' हा शब्द. आपण अंग चोरतो, नजर चोरतो, तिथे चोरणं म्हणजे लपवणं. पण चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू नेणंही. मग इथे त्यानं काय लपवलं, आणि कुणाचं काय नेलं की लोकांनी चोराला मारावं तसं मारलं? स्वतःची जात स्वतःच कशी काय चोरता येते? हा प्रश्न टाका आणि गप्प बसा. या वेळचं गप्प बसणं वेगळं. बघा, तुमच्या सासूबाई काय म्हणतात ते. 'अंग चोरणं' हा शब्द त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त वेळा वापरत असतील. आणि सरांनी पुन्हा 'आता राहिलेलं नाही' म्हटलं, तर तुमचं वाक्य तयार ठेवा. मोठ्या आवाजाची गरज नाही. मिस्टरांचं मी बघते, असं मनाशी म्हणून टाका.

राहता राहिला चहा. कथा संपल्या संपल्या कप फिरवू नका. कप हातात आला की माणसं घरचं बोलायला लागतात, आणि ज्याला बोलायचं असतं त्याचं तोंड बशीत जातं. बोलणं संपत आलं की मगच जिन्याखालून पोऱ्याला हाक मारा. थंडी पडल्यावर एखादी बैठक कुणाच्या तरी मळ्यात ठेवता आली तर बघा. भरीत होईपर्यंत कथा वाचून होते, आणि भरिताच्या वासावर माणसं जास्त वेळ बसतात. कळण्याची भाकर असेल तर मलाही कळवा. धुळ्याहून पारोळा असं किती लांब आहे!